गौतमीपुत्राचा विजय आणि तिरण्हू डोंगरावरचा सातबारा

मागच्या वर्षी जानेवारीत आपल्या सोसायटीची सहल नाशिकला गेली होती, ते बहुतेकांना आठवत असेल. पहाटे अंजूरफाट्याहून निघालो, माणकोलीला हायवे धरला आणि पंचवटी, त्र्यंबक करून संध्याकाळी परतताना पांडवलेण्यांच्या पायथ्याशी बस थांबली. बरीच मंडळी खाली फाळके स्मारकाच्या बागेत चहाला थांबली. आम्ही वीसेक जण मात्र पायऱ्या चढून वर गेलो. त्यात बच्चेकंपनी जास्त.

तीन नंबरच्या लेण्याच्या ओवरीत भिंतीवर वरपासून अक्षरं कोरलेली आहेत. मी मुलांना सांगत होतो, की हे पांडवांनी लिहिलेलं नाही, ही ब्राह्मी लिपी आहे आणि यात गौतमीपुत्र सातकर्णी नावाच्या राजाने कोणकोणते देश जिंकले त्याची यादी आहे. त्यावर बी विंगमधला पाचवीतला एक मुलगा म्हणाला, "आजोबा, यात आपली भिवंडी आहे का?"

तेव्हा मी "आहे, आहे" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. स्मरणिकेची मंडळी लेख मागायला आली तेव्हा ठरवलं, की त्या मुलाला नीट उत्तर द्यायचं. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. आयुष्य नारपोलीतल्या लूमच्या कारखान्यात मेहताजी म्हणून हिशेब लिहिण्यात गेलं आणि दोन मुदती आपल्या सोसायटीचा खजिनदार होतो. त्यामुळे या शिलालेखांकडे मी थोडा वहीखात्याच्या नजरेने बघतो. वाचकांनी ते चालवून घ्यावं.

आधी राजा कोण ते बघू. सातवाहन घराण्याची राजधानी पैठण, म्हणजे जुनं प्रतिष्ठान. या घराण्याने दख्खनवर काही शतकं राज्य केलं. जुन्नरजवळच्या नाणेघाटात राणी नागनिकेचा जो लेख आहे तो याच घराण्याचा. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास गुजरातकडून शक क्षत्रप आले. त्यातल्या क्षहरात कुळातला नहपान याने नाशिक, जुन्नर, कार्ले आणि आपला कोकणपट्टा ताब्यात घेतला. नाशिकच्या दहा नंबरच्या लेण्यात, कार्ल्याच्या लेण्यात आणि जुन्नरला नहपानाच्या माणसांचे लेख आहेत, म्हणजे तिथपर्यंत त्याचा अंमल होता हे नक्की.

या ओढाताणीत आपल्या भागाचं काय झालं, याची एक परदेशी साक्षही आहे. त्या काळातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात, ज्याला 'पेरिप्लस' म्हणतात, सोपारा आणि कल्याण यांची नावं येतात. थोरल्या सरगनसच्या काळात कल्याण ही राजमान्य बाजारपेठ होती, पण पुढे सन्दनेसच्या हाती गेल्यावर तिथला व्यापार अडवला गेला, ग्रीक जहाज चुकून आलंच तर ते पहाऱ्यात भरूचला नेलं जातं, असं तो लिहितो. सरगनस म्हणजे सातकर्णी असं अभ्यासक मानतात. कल्याणची खाडी आपल्यापासून किती लांब आहे? राज्य बदललं म्हणजे आधी बाजार बंद पडतो. सुताचा भाव बिघडला किंवा माल उचलला गेला नाही की लूम कशा थंड पडतात हे आपण नारपोलीकरांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे पेरिप्लसमधल्या त्या दोन ओळी वाचताना मला त्या काळच्या कल्याणच्या बंदरातले हमाल आणि दलाल दिसायला लागतात.

नहपानाला हरवलं ते गौतमीपुत्र सातकर्णीने. हे आपल्याला कळतं ते मुख्यतः त्याच्या आईमुळे. तीन नंबरच्या लेण्यातला मोठा लेख गौतमी बलश्रीचा आहे. तो मुलाच्या राज्यात कोरलेला नाही. मुलगा गेल्यावर, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षी, उन्हाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या १३व्या दिवशी तिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि त्या दानलेखात आपल्या मुलाचं वर्णन केलं. स्वतःची ओळख ती महाराजांची आई आणि महाराजांची आजी अशी देते.

वर्णन भरघोस आहे. शक, यवन आणि पह्लव यांचा नाश करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा, सातवाहन कुळाचं यश पुन्हा उभं करणारा. त्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायली होती. मग देशांची यादी येते: असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ आणि आकरावन्ति. त्यानंतर विंध्य, सह्य, मलय, महेंद्र अशी पर्वतांची यादी. त्यात कण्हगिरि आहे, तीच बोरिवलीची कान्हेरी असं मानतात.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: भिवंडीचं नाव त्यात नाही, पण 'अपरान्त' आहे. अपरान्त म्हणजे पश्चिमेचं टोक, आपला कोकण. आपण त्या एका शब्दात आलो.

मला तर ही यादी वाचताना आपलं सभासद रजिस्टर आठवतं. मूलक म्हणजे पैठणच्या आसपासचा मुलूख, तिथली मराठवाड्याची कुटुंबं ए विंगमध्ये आहेत. अश्मक गोदावरीकाठचा, थेट तेलंगणाला लागलेला. आपले पद्मशाली शेजारी त्या बाजूचे. सुराष्ट्र म्हणजे सौराष्ट्र, तळमजल्यावरचे दुकानदार तिथले. विदर्भ तर आहेच. आमच्या मजल्यावरचे करीमनगरकडचे काका दर पाडव्याला माझ्याशी वाद घालतात, की शालिवाहन तुमचा नाही, आमचा. तेही अगदीच चूक नाही. करीमनगरकडच्या कोटिलिंगाल गावी सातवाहनांचा मूळपुरुष सिमुक याची नाणी सापडली आहेत. तेव्हा माझं म्हणणं असं, की ज्याला हवा त्याने घ्यावा, राजा दोघांना पुरेल.

आता प्रश्न येतो, की आईने मुलाबद्दल लिहिलेलं सगळं खरं धरायचं का? आपणही कुणाच्या शोकसभेत बोलतो तेव्हा थोडं वाढवूनच बोलतो. मलय आणि महेंद्र हे पर्वत पार दक्षिणेला आणि पूर्वेला आहेत. तिथवर त्याचं राज्य होतं असं धरायला दुसरा पुरावा नाही. तीन समुद्रांचं पाणी हीदेखील राजाची थोरवी सांगायची रीत. पण नहपानाचा पाडाव झाला हे मात्र आईच्या शब्दावर सोडायला नको. त्याला नाण्यांची साक्ष आहे.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. १३,०००हून जास्त नाणी, सगळी मुळात नहपानाची. त्यातल्या ९,०००हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर डोंगराचं चिन्ह आणि गौतमीपुत्राचं नाव. दोन्ही छाप एकमेकांखालून दिसतात. चांदी तीच ठेवून मालक बदलल्याची ही जाहीर नोटीस. नोटाबंदीत आपल्या रांगा लागल्या होत्या, त्याची आठवण होते. फरक एवढाच, की त्या नाण्यांत चांदीचं मोल होतं आणि नवा छाप घेऊन ती पुन्हा बाजारात फिरली.

विजयाच्या यादीला एक उतारसुद्धा आहे. गुजरातमध्ये जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी शक महाक्षत्रप रुद्रदामन याचा लेख आहे, शक ७२ म्हणजे इसवी सन १५०च्या सुमाराचा. त्यातही जिंकलेल्या देशांची यादी आहे आणि तीत सुराष्ट्र, कुकुर, अनूप, आकरावन्ति आणि अपरान्त ही पाच नावं पुन्हा येतात. म्हणजे बलश्रीने मुलाच्या नावावर लिहिलेले नऊ देश, त्यातले पाच एक-दोन पिढ्यांत शकांच्या खात्यावर गेले. आपला कोकण त्यात होता. रुद्रदामन पुढे सांगतो, की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे नष्ट केलं नाही. हे नातं कसलं, ते कान्हेरीच्या एका लेखावरून कळतं. तिथे पाण्याच्या टाक्याच्या दानलेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे, ती एका महाक्षत्रपाची मुलगी. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर शिल्लक आहे, 'रु'. तो रुद्रदामनच, असं बहुतेक अभ्यासक म्हणतात. ज्यांचा वंश निःशेष केला म्हणून आजीने कोरलं ते क्षहरात वेगळे, हे कार्दमक कुळातले. पण दोघेही शकच. त्यांच्याशी सोयरीक झाली.

या दोन वैऱ्यांची नावं आपणही एकत्र बांधून ठेवली आहेत. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी संकल्प सांगताना 'शालिवाहन शके' म्हणतात. गंमत अशी, की सातवाहनांनी हा शक आपल्या लेखांत वापरलाच नाही. ते फक्त अमुक राजाचं अमुक वर्ष असं लिहीत. हा शक वर्षानुवर्षं वापरला तो हरलेल्या बाजूच्या क्षत्रपांनी. आणि आता आपल्या पत्रिकेवर दोघं शेजारी शेजारी बसले आहेत.

इथपर्यंत झाली विजयाची गोष्ट. तीच पाठ्यपुस्तकात असते. पण त्याच ओवरीत, त्याच राजाचे दोन छोटे लेख आहेत आणि मला विचाराल तर खरा राजा त्यांत भेटतो.

पहिला गौतमीपुत्राच्या राज्याच्या १८व्या वर्षाचा. हा हुकूम विजयी सैन्याच्या छावणीतून सुटलेला आहे. लढाई नुकतीच आटोपली असावी. राजा गोवर्धनच्या, म्हणजे नाशिकजवळच्या ठाण्याच्या विण्हुपालित नावाच्या अमात्याला कळवतो, की अपरकखडी गावातलं जे २०० निवर्तनं शेत आजवर उषवदाताकडे होतं, ते आम्ही तिरण्हू डोंगरावरच्या भिक्षूंना देत आहोत. तिरण्हू म्हणजे हाच पांडवलेण्यांचा डोंगर आणि निवर्तन हे जमिनीचं तेव्हाचं माप. उषवदात हा नहपानाचा जावई. पुढे सवलती लिहिल्या आहेत: राजाच्या माणसांनी त्या शेतात शिरायचं नाही, मीठ काढायला खणायचं नाही, तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करायची नाही. शेवटी तोंडी आज्ञा झाली ती कुणी लिहिली आणि कोणत्या दिवशी दस्त पुरा झाला: वर्ष १८, पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस. त्याच वर्षी कार्ल्यालाही असाच हुकूम कोरला गेला. तिथे उषवदाताने भिक्षूंना दिलेलं करजिक गाव गौतमीपुत्राने पुन्हा आपल्या नावाने दिलं.

भाषाही आपली आजीच वाटते. गावाला 'गाम', शेताला 'खेत' आणि लेण्याला 'लेण'. दोन हजार वर्षांत लेण्याचं नाव तसंच आहे.

दुसरा लेख सहा वर्षांनंतरचा, वर्ष २४. तो राजाच्या आणि राजमातेच्या नावाने आहे. पाठवला आहे गोवर्धनचा अमात्य श्यामक याला. मधल्या काळात अधिकारी बदलला. मजकूर असा, की आम्ही पूर्वी भिक्षूंना कखडी गावात शेत दिलं होतं, पण ते शेत कसलं जात नाही आणि गावही वसलेलं नाही. तेव्हा इथे नगराच्या सीमेवर आमच्या मालकीचं जे राजकीय शेत आहे, त्यातून १०० निवर्तनं या भिक्षूंना देत आहोत. सवलती पहिल्यासारख्याच.

हा लेख मी पहिल्यांदा मराठीत वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. ज्या राजाची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायली, त्याने दिलेलं शेत ओसाड निघालं. का ओसाड, ते लेख सांगत नाही. पण जिथून नुकतंच सैन्य गेलेलं आहे तिथलं गाव उठलेलं असेल तर त्यात नवल काय? विजयाच्या यादीत हे नाव येणार नाही. कखडी गावच्या लोकांची शोकसभा कुणी घेतली नाही. त्यांची नोंद फक्त या चुकीच्या दुरुस्तीत राहिली, ती एवढीच, की शेत कसलं जात नाही आणि गाव वसत नाही.

दुसरी गोष्ट, राजाने चूक कबूल केली आणि तीही दगडावर. जुना लेख तासून टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. तसं न करता आधीचं दान, त्यात आलेली अडचण आणि आताची भरपाई हे सगळं कोरलं. जमीन निम्मी मिळाली हे खरं, पण ती गावाजवळची. आणि हा एकटाच प्रकार नाही. पुढे नातू पुळुमावीच्या २२व्या वर्षी सुदसण गावाच्या बदल्यात सामलिपद हे दुसरं गाव दिल्याचा हुकूम त्याच लेण्यात आहे. तिथेही दुरुस्ती.

आता उषवदाताकडे वळतो, कारण त्याच्याशिवाय नारपोलीचा हिशेब पुरा होत नाही. हा हरलेल्या बाजूचा माणूस. त्याचे लेख थोडं पुढे दहा नंबरच्या लेण्यात आहेत. त्यालाही विजय सांगायचा आहेच: सासऱ्याच्या आज्ञेवरून तो वेढ्यात सापडलेल्या उत्तमभद्रांच्या मदतीला गेला आणि मालय लोक नुसत्या आवाजानेच पळाले. पण त्याची बाकीची यादी दानांची आहे. भरूच, दशपुर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. त्याची बायको दक्षमित्रा, नहपानाची मुलगी, तिनेही आपल्या नावाने त्या लेण्यात एक खोली दिली आहे.

त्यातला एक लेख वर्ष ४२चा आहे. उषवदाताने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. आणि ती ठेवली कुणाकडे? राजाच्या खजिन्यात नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं.

मी लगेच कागदावर हिशेब केला. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात म्हटलं आहे, की यातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी द्यावेत. २० गुणिले १२, बरोबर २४०. एक कवडी इकडची तिकडे नाही. १,००० वर पाऊण टक्क्याने महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. ते त्यांच्या इतर गरजांना. आणि हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर लिहून नोंदवलं, असंही पुढे आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर वार्षिक सभेत ठराव वाचला आणि इतिवृत्तात घेतला.

आयुष्यभर मी लूमवाल्यांचे हिशेब लिहिले. आठवड्याची उचल, हुंडी, थकबाकी आणि व्याज. विणकर म्हणजे कर्जात बुडालेला माणूस असंच चित्र डोळ्यांपुढे होतं. पण एके काळी राजाचा जावई आपली ठेव विश्वासाने विणकरांच्या संघाकडे ठेवत होता आणि विणकर तिच्यावर व्याज देत होते, हे वाचलं तेव्हा छाती जरा फुगली. ठेव त्यांच्याकडे का ठेवली असेल याचा माझ्यापुरता अर्थ मी असा लावतो, की राजे येतात नि जातात, लुगडं तर रोजच लागतं. मागवाल्यांचा संघ टिकेल असं त्याला वाटलं.

यात आणखी एक गोष्ट नजरेत येते. गौतमीपुत्राने नहपानाच्या नाण्यांवर छाप मारला. चेहरा पुसला. पण नहपानाच्या जावयाचा आणि मुलीचा हा लेख त्याने खोडला नाही. तीन नंबर आणि दहा नंबर, दोन्ही लेणी एकाच डोंगरात काही पावलांवर. वैऱ्याचं नाव समोर भिंतीवर राहिलं, ते आजही वाचता येतं. लेख राहिला म्हणून भिक्षूंच्या कापडाचा आणि ठेवीचा हक्कही राहिला. बलश्रीच्या लेखात राजाचं एक विशेषण आहे, की नगरातल्या लोकांचं सुखदुःख तो आपलंच मानत असे, आणि दुसरं, की तो कर धर्माने घेई. आईचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. पण शेताची भरपाई आणि न खोडलेला लेख पाहिला की वाटतं, म्हातारीच्या बोलण्यात काही तथ्य असावं.

जुनागढच्या लेखाचंही असंच आहे. रुद्रदामनने विजय सांगितले खरे, पण तो लेख मुळात कोरला आहे सुदर्शन तलावाच्या दुरुस्तीसाठी. चंद्रगुप्त मौर्याच्या काळचा तलाव, वादळात बांध फुटला, ४२० हात लांबीचं खिंडार पडलं. ते लोकांवर जादा कर न बसवता, वेठ न धरता, स्वतःच्या तिजोरीतून बांधून काढलं असं तो अभिमानाने सांगतो. आपल्या टेरेसच्या वॉटरप्रूफिंगला जादा वर्गणी काढली तेव्हा सभेत काय झालं होतं ते आठवा, म्हणजे या वाक्याची किंमत कळेल.

ही अक्षरं मधे बरीच शतकं कुणालाच वाचता येत नव्हती. म्हणून तर लेण्यांना पांडवांचं नाव पडलं. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाशिकचे लेख वाचले आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांचे व क्षत्रपांचे लेख मराठीत आणून ठेवले, म्हणून माझ्यासारख्या मेहताजीलाही ते कळले.

आता थोडं घरचं, आणि आवरतो. आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. रंगरंगोटी झाली, रोषणाई झाली, ही स्मरणिका हातात आली. पण ज्या जमिनीवर आपण उभे आहोत ती अजून सोसायटीच्या नावावर नाही. नोंदणी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने अभिहस्तांतरण, ज्याला आपण कन्व्हेयन्स म्हणतो, करून द्यायला हवं होतं. आपल्या बिल्डरने आज देतो, उद्या देतो करत २५ वर्षं काढली. मी खजिनदार असताना दोनदा विषय काढला आणि दोनदा सभेत "आधी लिफ्टचं बघा" म्हणून मागे ठेवला. मीही नेट लावला नाही, ती चूक माझी. बिल्डर येत नसला तरी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. त्याला कागद लागतात: प्रत्येकाचा करारनामा, इंडेक्स टू, सभासदांची यादी, सातबारा. निम्म्या घरांचे करारनामे अजून कमिटीकडे आलेले नाहीत. काही मूळ सभासद आता हयात नाहीत आणि त्यांच्या मुलांना कागद कुठे आहेत ते माहीत नाही.

त्या डोंगरावरचे भिक्षू काही ताकदवान नव्हते. त्यांच्याकडे सैन्य नव्हतं. राजा बदलला, अधिकारी बदलला, शेत ओसाड निघालं, तरी सहा वर्षांनी त्यांना दुसरं शेत मिळालं. माझी खात्री आहे, की त्यांच्यातला कुणीतरी श्यामक अमात्याच्या दारात खेटे घालत होता. नाहीतर राजाला कसं कळणार, की कखडीत नांगर चालत नाही?

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं पुरं उत्तर असं. त्या भिंतीवर भिवंडीचं नाव नाही, अपरान्त आहे. पण दहा नंबरच्या लेण्यात विणकर आहेत आणि त्यांचा हिशेब चोख आहे. पुढच्या सहलीला आपण तोही लेख बघू. आणि त्याआधी घरी जाऊन बाबांना विचार, की आपल्या फ्लॅटचा करारनामा कपाटात कुठे ठेवला आहे. सापडला की त्याची झेरॉक्स रविवारी ऑफिसात आणून दे. मी सकाळी दहा ते बारा तिथेच बसलेला असतो.